देमेत्रिया ऊर्फ हेरांख

आमचा धंदा मेलेल्यांना पाणी घालण्याचा. बापाचा होता, त्याच्या बापाचा होता, आता माझा आहे. मेंफिसच्या पश्चिमेला जिथे शेतं संपून वाळू लागते, तिथली बरीचशी थडगी आमच्याकडे. ठरल्या दिवशी जायचं, दारापाशी पाणी ओतायचं, भाकरी ठेवायची आणि आत झोपलेल्या एकेकाचं नाव मोठ्याने घ्यायचं. नाव घेतलं नाही तर पाणी कुणाचं ते आतल्यांना कळत नाही, आणि मग मेल्यावरही भांडणं. जिवंतपणी काय कमी झालेली असतात?

या धंद्यात माणसं कळतात. सासूच्या नावाने जाड भाकरी कोण पाठवतं, आईच्या नावाने पापडासारखी कोण, हे सगळं माझ्या डोक्यात नोंदलेलं आहे. रडण्यावर मी जात नाही. पहिल्या वर्षी छाती बडवून घेणारा तिसऱ्या वर्षी मला पाहिलं की गल्ली बदलतो. जो घाटावर गप्प उभा असतो, त्याची भाकरी मात्र वर्षानुवर्षं चुकत नाही.

इओलास पहिल्यांदा भेटला तेव्हा छावणीतला शिपाई होता. दूर मॅसिडोनियातून आलेला, उन्हाने नाक सोललेला. मी आणि माझी थोरली बहीण हेरांख घागरी घेऊन गेलो होतो, आणि हा बाबा एका थडग्याच्या सावलीत, जिथे कुणी बसू नये नेमका तिथेच, पाय पसरून बसला होता. आमची भाषा तो दारूच्या गुत्त्यात शिकलेला. त्याच्या दर वाक्यात एखादी शिवी असायची, आणि ती शिवी आहे हे त्याला ठाऊक नसायचं.

"हे पाणी कुणाला?" शिवी गाळून सांगते, त्याने एवढंच विचारलं.

"मेलेल्यांना," ताई म्हणाली.

"मेलेल्यांना तहान लागते?"

"तुमच्याकडच्यांना लागत नाही?"

"आम्ही त्यांना दारू ओततो."

"तरीच! तरीच तुम्ही सगळे देश सोडून इकडे पळून आलात. रात्रभर वाडवडील झिंगून गोंधळ घालत असतील."

तो इतका हसला की मला वाटलं, आता आतले जागे होतात. त्यानंतर छावणीतल्या त्या शिपायाला पाण्याच्या दिवशी नेमकं पश्चिमेलाच काम निघायला लागलं. बापाला कळायचं ते कळलं. त्याने फक्त एवढंच पाहिलं की पोरगा आमच्याबरोबर जमिनीवर बसून कांदा खातो. "खाली बसता येतंय," तो म्हणाला, "म्हणजे माणसात आहे." आणि लग्न झालं.

पुढे इओलासने शिपाईगिरी सोडली आणि ताईला घेऊन अलेक्झांड्रियाला गेला. समुद्रापलीकडच्या बेटांवरून येणारी दारू विकायचा. धंदा चालला. धंदा चालला की माणसाला घर मोठं लागतं, आणि घर मोठं झालं की शेजारी चांगले लागतात.

ताई एका दिवसात ग्रीक झाली नाही. हप्त्याहप्त्याने झाली. आधी आमची बार्लीची दारू गेली आणि पाणी घातलेली द्राक्षाची आली. मग अंगावरचं कापड बदललं, खांद्यावर टाचणी लागली. मग बसायला खुर्ची आली. मग घरात ग्रीक बोलणं सुरू झालं, आधी पाहुण्यांसमोर, नंतर नोकरांसमोर, शेवटी मांजरासमोरसुद्धा. सगळ्यात शेवटचा हप्ता नावाचा. तिच्या मुलाला, आमिन्तासला, तालमीत घालायचं होतं. ग्रीकांच्या तालमीत पोरं अंगाला तेल चोपडून नागडी कुस्ती खेळतात, आणि असं नागडं व्हायची परवानगी मिळावी म्हणून आधी घराणं दाखवावं लागतं. आई हेरांख असून चालणार नव्हतं. म्हणून कागदावर ती देमेत्रिया झाली. कागदावरून ती दारावर आली, दारावरून नवऱ्याच्या तोंडात.

मी एकदा विचारलंही, "काय गं, तुझं तुला काही वाटत नाही?"

"त्यांना बरं वाटतं," ती म्हणाली. "आणि मला त्रास होत नाही."

तिचं एक वाक्य होतं, त्यावर तिचं सगळं घर चालायचं. सणाला काय करायचं, पोराचं नाव काय ठेवायचं, माशाला कुठलं तेल, काहीही विचारा, ती म्हणायची, "तुमच्यात करतात तसं करा." असं म्हणताना ती हसायची, त्यामुळे समोरच्याला वाटायचं हिला मनापासून हवंय. कदाचित हवं असेलही. तीस वर्षं एकच वाक्य हसून म्हणणाऱ्या बाईच्या मनातलं, मी तिची बहीण असून, मला सांगता येणार नाही.

पण नदीला पूर आला की दर वर्षी ती आमच्याकडे यायची. घरात शिरताच खांद्यावरची टाचणी काढून कोनाड्यात ठेवायची आणि जमिनीवर बसून घटाघटा बार्लीची दारू प्यायची, वर ढेकर द्यायची. मग आम्ही आईच्या थडग्यावर जायचो. आत आईच्या उजव्या हाताला एक जागा रिकामी होती.

"ही माझी," ती दर वेळी भिंतीवर हात ठेवून म्हणायची. "कुणाला विकू नकोस, रेनपेत. तुझा काही भरवसा नाही."

"विकते कशाला? भाड्याने देईन. तुम्हा ग्रीक बायांना खुर्ची लागते, इथे तर आडवंच पडावं लागतं."

"आडवी पडायलाच येणार आहे, बये."

तिचं ते वाक्य आणि ही जागा, दोन्ही मी शेजारीशेजारी ठेवून सांगतेय, कारण पुढे सगळं त्यावरच अडलं.

एका सुगीत नावाडी निरोप घेऊन आला: ताई तापाने पडून आहे, तुला बोलावलंय. आमच्यातल्या बायका मेल्यावर आपल्याला गुंडाळायचं कापड आधीच काढून ठेवतात. ताईचं आईने विणलेलं होतं, माझ्या पेटीत होतं. निघताना ते घेऊ की नको असं झालं. घेतलं तर अपशकुन, न घेतलं तर परत कोण येणार? शेवटी घेतलं, आणि अंथरुणाच्या वळकटीत लपवलं, जणू मृत्यूला ते दिसणार नव्हतं.

पोचले तेव्हा दारात इओलास उभा होता. मी आधी त्याचं डोकं पाहिलं. केस अगदी बारीक कापलेले, दाढी केलेली. माझा जीव भांड्यात पडला. घरात कुणी गेलं की आमच्यातले पुरुष केस वाढवतात, दाढी वाढवतात, महिनोन्महिने तोंडाला वस्तरा लावत नाहीत. इतका चकचकीत माणूस काही रडत्या घरातला नसतो. म्हणजे ताई बरी आहे.

"काय दाजी, नवरदेव झालात की!" मी होडीचा सगळा शीण विसरून म्हणाले. "ताई उठली वाटतं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, "हे? हे तिच्यासाठी कापले. आमच्यात कापतात."

मग मी रडले. रडताना मनात मात्र हिशोब चालूच होता, तो या धंद्याने लागलेला दोष आहे. कधी गेली? नावाड्याचा निरोप, माझा प्रवास. म्हणजे फार दिवस झाले नसणार. प्रेत खारात पुष्कळ दिवस ठेवावं लागतं. म्हणजे कापड वेळेत आलं. राकोटीत, अलेक्झांड्रियातल्या आमच्या लोकांच्या वस्तीत, प्रेतं बांधणारे बरे आहेत असं ऐकलं होतं.

"कुठल्या माणसाकडे दिलंय तिला?" मी डोळे पुसत विचारलं. "बघून येते. ते लोक घाई करतात, उभं राहावं लागतं."

"कुणाकडे नाही. घरीच आहे. चल, दाखवतो."

तो मला मागच्या चौकात घेऊन गेला. तिथे तिवईवर एक घागरीएवढा रांजण होता. सायीच्या रंगाचा, अंगावर तपकिरी पानं रंगवलेली, गळ्यात सोनेरी पानांचा हार.

"सुरेख आहे," मी म्हणाले. मला वाटलं, श्राद्धाची दारू असेल.

"वाटलंच होतं तुला आवडेल." त्याचा चेहरा उजळला.

"आणि ताई?"

त्याने रांजणावर हात ठेवला.

मग तो सांगत सुटला. लाकूड सायप्रस बेटावरचं, त्याने स्वतः एकेक ओंडका वास घेऊन निवडलेला. त्याच्या गावी सेनापतींना देतात तसा अग्नी दिला. निखारे विझवायला कोठीतली सगळ्यात जुनी दारू. आमिन्तासच्या तालमीतले झाडून सगळे आले होते, हार घालून. "माझ्या आईलासुद्धा एवढा मान मिळाला नाही, रेनपेत. माझ्या आईला तर ओल्या लाकडात जाळलं." कारागीर काम दाखवून आपल्या तोंडाकडे बघतो ना, तसा तो बघत होता. आणि मी ज्याला ओळखत होते, जो घाटावर गप्प उभा राहणाऱ्यांतला होता, तो इतकं बोलतोय म्हणजे आतून पार रिकामा झालाय, हेही मला कळत होतं. त्यामुळे ओरडताही येईना.

मी जमिनीवर बसले. वळकटी मांडीवर होती.

"काही चुकलं का?" तो म्हणाला.

"दाजी, तुम्ही आमच्यात इतकी वर्षं राहिलात. आमच्या माणसांना काय करतात ते पाहिलं नाहीत?"

"पाहिलं की. पण ते तुमच्यातलं. ती तर..." तो अडखळला. "ती देमेत्रिया होती."

"तिला विचारायचंत तरी."

"विचारलं होतं! शपथेवर सांगतो. शेजारची म्हातारी गेली त्या दिवशी विचारलं, की उद्या तुझं काही झालं तर कसं करू?"

"काय म्हणाली?"

मला उत्तर ठाऊक होतं. त्याने सांगितलं तेव्हा ताईच्याच सुरात सांगितलं, शेवटी किंचित हसून: "तुमच्यात करतात तसं करा."

मग त्याने हळूच विचारलं, "तिकडे उठेल ना ती? तुमच्यात मेलेले उठतात तशी?"

"कशावर उठेल, दाजी? पाय कुठे आहेत तिचे?"

हे मी बोलायला नको होतं. त्याने रांजणावरचा हात चटका बसल्यासारखा काढला आणि तो हात पुढे किती वेळ तसाच अधांतरी धरून बसला.

संध्याकाळी आमिन्तास आला. आईचे डोळे, बाकी सगळा बाप. उंच, अंगाला तेलाचा वास, ग्रीक असं बोलतो की प्रत्येक शब्द आधी पुसून घेतलाय. मी त्याला सरळ सांगितलं, "मी हिला घेऊन जाते. आईजवळ तिची जागा आहे."

"आईची जागा इथे आहे, मावशी. शिळा घडवायला दिलीय." शिळेवर काय असणार तेही त्याने सांगितलं. आई खुर्चीत बसलेली, बाबा समोर उभे, तिचा हात हातात. खाली अक्षरं: देमेत्रिया, अपोलोनिओसची मुलगी.

"हा अपोलोनिओस कोण?"

"आजोबा."

"तुझ्या आजोबाचं नाव होर. लसूण खायचा, मेलेल्यांना पाणी घालायचा, आणि ग्रीक व्हायची त्याला कधी घाई नव्हती. सुखाने झोपलाय पश्चिमेला. त्याला कशाला आता तालमीत ओढतोस?"

त्याचे कान लाल झाले. "मावशी, तुम्ही लोक माणसाची सुकट करता. खार लावायचा, वाळवायचं, गुंडाळायचं. मी माझ्या आईचं तसं होऊ देणार नव्हतो."

"करतो बाबा, सुकट करतो. आमची सुकट टिकते. तू काय ठेवलंस? दार उघडं राहिलं तर वाऱ्याने जाईल."

"रेनपेत," इओलास म्हणाला. एवढंच.

आमिन्तास उठून दारापर्यंत गेला. मला वाटलं, निघाला. पण तो तिथेच पाठ करून थांबला आणि बोलला ते वेगळ्याच आवाजात.

"शेवटी शेवटी ती ग्रीक बोललीच नाही. बाबा बंदरावर होते, मी एकटाच होतो. ती तुमच्या भाषेत बोलत होती. सारखं. माझा हात धरून काहीतरी सांगत होती, परत परत. आणि मला..." तो थांबला. लहानपणी हाच पोरगा माझ्या मांडीवर बसून आमच्या भाषेत मला चिडवायचा. मग तालीम आली, आणि तालमीतली पोरं हसतात म्हणून त्याने कळत नसल्याचं सोंग घेतलं. सोंग इतकं चांगलं वठलं की खरंच कळेनासं झालं. "मी हो हो म्हणत राहिलो."

"एखादा शब्द तरी आठवतो का?"

"नाही. आवाज आठवतो."

इतका वेळ जीभ चालत होती, ती बसली.

इओलासने मला विचारलं, "परतीची होडी कधी आहे?"

"परवा."

"दोघांची जागा सांग," तो म्हणाला. पोराने मान वर केली नाही, पण अडवलंही नाही.

होडीत तो रांजण मांडीवर घेऊन बसला. आईचं कापड मी त्याभोवती गुंडाळलं होतं. बाकीचे उतारू विचारत, काय हो, लोणचं का? तो म्हणायचा, हो.

माझ्या मनात एक आशा होती. आमचा पेतेसे, प्रेतं बांधणारा, मोठा हिकमती. बुडालेले, कुजलेले, अर्धेमुर्धे, त्याच्याकडे कुणीही न्या, तो ताडाच्या काड्या घालतो, कापड भरतो, वर मुखवटा बसवतो, आणि माणूस परत माणसासारखा दिसतो. काम नाकारताना त्याला कुणी पाहिलेलं नाही. मी रांजण त्याच्यापुढे ठेवला. कापड ओळखून तो म्हणाला, "हेरांख?" आणि गाठ सोडली. झाकण काढलं. आत बघितलं, आणि झाकण परत लावलं.

"जाळली?"

"नवरा ग्रीक आहे. मानाने केलं त्याने. त्यांच्यात..."

"त्यांच्यात काहीही असो. आपल्यात कुणाला जाळतात, रेनपेत?"

खालच्या लोकात, न्याय झाल्यावर जे पापी ठरतात, देवाचे वैरी ठरतात, त्यांना आगीत टाकतात. हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. तेवढ्यासाठीच तर आम्ही जन्मभर अंग जपतो.

"मी तिला बांधली तर दारावरचे देव काय म्हणतील? की पेतेसे, जिला शिक्षा होऊन गेली तिला परत उभी करून आणलंस? ती माझ्या अंगाखांद्यावरची पोर, रेनपेत. पण मी आगीवर कापड घालत नाही." असं म्हणून त्याने कापड मात्र नीट घडी घालून रांजणाला परत गुंडाळलं. गाठ त्याचीच होती, तीन पदरांची, जी तो मेलेल्यांनाच मारतो. तेवढंच त्याच्या हातून झालं.

थडग्यातही तेच. ते एकट्या आमचं नाही, चुलत घराणंही त्यात झोपतं. चुलत भावजय दारात आडवी उभी राहिली. "जळलेलं आत नको. माझा नवरा आहे आत, माझी दोन पोरं आहेत. आग बघून बिथरतील." वर्षानुवर्षं मी तिच्या पोरांना पाणी घालत आले होते. पण तिच्या जागी मी असते तर मीही आडवी उभी राहिले असते, आणि याहून वाईट बोलले असते. हे मला ठाऊक होतं म्हणून भांडणात जोर आला नाही.

आईजवळची जागा तशीच मोकळी राहिली. ताईला आम्ही बाहेर ठेवलं. भिंतीला लागून वाळूत खोल खड्डा केला, आतून आई जिथे येते त्याच्या नेमक्या समोर. इओलासने हाताने वाळू लोटली. मी पाणी घातलं, आणि आतल्यांची नावं झाल्यावर बाहेरच्या एकीचं नाव घेतलं. हेरांख. कितीतरी वर्षांनी ते त्याच्या कानावर मोठ्याने पडलं असावं. तो दचकला.

तो परत गेला नाही. छावणीजवळ एक खोली घेतली, शिपायांना दारू विकायचा. पोरगा बेटावरचा माल पाठवायचा, स्वतः येत नसे. पाण्याच्या दिवशी इओलास माझ्या आधी जाऊन उभा असायचा. गावात कुजबुज होतीच: पाणी घालणारीच जळक्यांना पाणी घालते म्हणे. दोन घरांनी त्यांचे मेलेले माझ्याकडून काढून घेतले. मी म्हटलं, घ्या. घाला तुमचं तुम्ही, पहिल्या उन्हाळ्यातच कळेल.

तिसऱ्या पुरानंतर त्याला खोकला लागला आणि गेला नाही. रंग बघून मला समजलं. त्यालाही समजलं असणार, कारण एक दिवस पाणी झाल्यावर तो भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "रेनपेत, मला एक सांग. मला बांधलंत तर?"

"तर तुम्ही उठाल. पेतेसे तुम्हाला नाही म्हणायचा नाही, तुमची दारू पितो तो. छान बांधेल. तिकडे शेतं आहेत, पाणी आहे, बार्ली माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी उंच वाढते म्हणतात."

"आणि ती?"

मी घागर सावरत राहिले.

"आणि जाळलं तर?" त्याने विचारलं.

"ते तुम्हाला ठाऊक. काय असतं तुमच्यात?"

तो विचार करून सांगू लागला, जणू फार वर्षांपूर्वी सोडलेल्या घराचा नकाशा आठवतोय. "अंधार असतो. सावल्या असतात. माणसं माणसांसारखी नसतात, धुरासारखी. कुणी कुणाला नीट ओळखत नाही म्हणतात."

"पण असतात?"

"म्हणतात तरी."

सगळा जन्म मी लोकांना सांगत आले: अंग जपा, नाव जपा, आगीपासून दूर राहा. माझं पोट त्यावर आहे आणि माझा विश्वासही. हा माणूस पांढऱ्या कापडात नीट बांधला जाऊन आईशेजारच्या त्या मोकळ्या जागी गेला असता, तर चुलत भावजयीनेही नाही म्हटलं नसतं. उठला असता. हिरव्या शेतात उभा राहून चारी दिशांना बघितलं असतं त्याने.

"जाळून घ्या, दाजी," मी म्हणाले.

"तुझा विश्वास आहे त्यावर?"

"अजिबात नाही."

"मग?"

"ती गेली त्या दाराने तुम्ही जा. पुढे काय आहे, नाही, ते तुम्ही दोघं बघा."

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग म्हणाला, "तिने ते खरंच म्हटलं असेल का गं? म्हणजे, मनापासून?"

"असेल," मी म्हणाले. मला खरंच ठाऊक नव्हतं.

तो गेला तेव्हा मी आमिन्तासला निरोप पाठवला, की येताना लाकूड आण, इथे बाभळीशिवाय काही मिळत नाही. तो आला. केस कापून आला, होडी भरून लाकूड घेऊन आला. थडग्यांपासून खूप दूर, उघड्या वाळूवर त्याने चिता रचली. गावातलं कुणी आलं नाही. छावणीतले चार म्हातारे शिपाई होते, ते वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसले. आमच्या लोकांनी आग पाहायची नसते. मी उभी राहिले.

आमिन्तासला चिता रचायची सवय नव्हती, तालमीत ते शिकवत नाहीत. आग अर्ध्यावर आली तेव्हा एक ओंडका घसरला आणि इओलासचा उजवा हात कोपरापासून बाहेर आला, वाळूवर पडला. पांढरा, कोरडा, आगीचा स्पर्शही न झालेला. पोरगा तोंड फिरवून रडत होता, त्याला दिसलं नाही. मला दिसलं. मगरीने खाल्लेल्याचं एक बोट सापडलं तरी पेतेसे त्याच्यावरून सगळा माणूस बांधतो. हा तर अख्खा हात होता. एवढ्यावर इओलास उठला असता, हसत, नाक सोललेला, त्या शेतांच्या मधोमध. एकटा.

मी पुढे झाले. काठी नव्हती, शोधायला वेळ नव्हता. तो हात मी माझ्या हातात घेतला, जड होता, आणि होता तिथे आगीत परत ठेवला. माझी बाही पेटली, ती एका शिपायाने धावत येऊन विझवली. मग सगळं पुरतं जळेपर्यंत मी तिथून हलले नाही.